इंदूर: घरगुती फराळाच्या पोस्टना कुठले हॅशटॅग लावावेत?

मेतकूटभात | रविवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. रामबागेत राहते. घरून मेतकूट, थालिपिठाची भाजणी, जिरावण (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) विकते. सणासुदीला चकल्या, अनारसे, साटोऱ्या. आजवर सगळं ओळखीपाळखीवर चाललं. यंदा भाचीने इंस्टाग्रामवर खातं उघडून दिलं आणि प्रत्येक फोटोखाली हॅशटॅगची माळ लावायला शिकवलं. #फूड #लव्ह #इंस्टागुड #फूडी #व्हायरल, असे तीसेक. तिचं म्हणणं, जितके टॅग तितकी दारं उघडतात. दारं उघडलीत खरी, पण आत येतंय कोण? भाजणीच्या फोटोवर परदेशातल्या कुठल्याशा जिमवाल्याचा बदाम, केसांच्या तेलवाल्याचा "कोलॅब करायचं का" असा निरोप, आणि एकाने नुसतेच हात जोडलेत. सुदामा नगरातल्या कुणी "अर्धा किलो पाठवा" म्हटलेलं नाही.

तर टॅग मराठीत लावू, हिंदीत की इंग्रजीत? किती लावू? आणि मुळात त्यांचा उपयोग असतो का, की सगळे लावतात म्हणून आपणही लावायचे? दिवाळीच्या ऑर्डरी सुरू व्हायच्या आत काहीतरी ठरवायचंय. जाणकारांनी सांगावं.

जिरावण | रविवार, रात्री ९:२२

ताई, आधी पत्ता सांगा. पाव किलो जिरावण पाहिजे, घरचं संपलंय आणि बाजारचं खाऊन तोंड खराब होऊन राहिलंय. टॅगचं नंतर बघू.

मेतकूटभात | रविवार, रात्री ९:२५

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. नाव जिरावण आणि घरात जिरावण नाही, कमाल आहे!

फुकटसल्लागार | रविवार, रात्री १०:४०

ताई, हेच काम करून पोट भरतो, त्यामुळे जरा लांबेल.

भाची शिकली ते एके काळी बरोबर होतं. हॅशटॅगचं मूळ काम एकच, एका विषयावरच्या पोस्टी एका ठिकाणी गोळा करणं. २००७ च्या ऑगस्टमध्ये क्रिस मेसिना या माणसाने ट्विटरवर सुचवलं, की गटांसाठी शब्दापुढे # लावूया का. चिन्ह काही त्याचं नव्हे, आयआरसी नावाच्या जुन्या गप्पांच्या खोल्यांना ते आधीपासून लावत. ट्विटरने २००९ मध्ये त्यावर टिचकी मारायची सोय केली, इंस्टाग्रामने २०११ मध्ये टॅग आणले, फेसबुकने २०१३ मध्ये. तेव्हा लोक खरोखर टॅगच्या पानावर जाऊन बसायचे.

आता तसं कोणी बसत नाही. इंस्टाग्रामने २०१७ च्या अखेरीस आवडता टॅग फॉलो करायची सोय दिली होती, ती २०२४ च्या अखेरीस काढून घेतली. तिथले प्रमुख ॲडम मोसेरी कितीदा सांगून चुकलेत की टॅगमुळे पोस्टची पोच म्हणावी तशी वाढत नाही. एक्सचे, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरचे, मालक इलॉन मस्क तर त्याहून पुढचे. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी लोकांना टॅग वापरणं थांबवा म्हणून सांगितलं आणि जून २०२५ मध्ये जाहिरातींत टॅग लावायला सरळ बंदी केली.

मग उरतं काय? दोन गोष्टी. पोस्ट कशाबद्दल आहे याची यंत्राला मिळणारी खूण. आणि कोणी मुद्दाम शोधायला आलंच तर त्याला तुम्ही सापडणं. या दोन्हींना #लव्हचा काडीचा उपयोग नाही. त्या टॅगवर अब्जावर पोस्टी आहेत. रात्री अकरा वाजता सराफ्याच्या खाऊगल्लीत मधोमध उभं राहून "अहो" म्हणून हाक मारल्यासारखं आहे ते. शंभर माना वळतील, तुमच्या कामाची एकही नसेल.

इंस्टाग्रामने स्वतःच २०२१ मध्ये पोस्ट करणाऱ्यांना सांगितलं होतं की ३ ते ५ टॅग लावा, १०-२० नकोत, आणि फार ढोबळ टॅग टाळा. तीसची मर्यादा वर्षानुवर्षं होती म्हणून लोक तीस भरायचे. मर्यादा म्हणजे काही सल्ला नव्हे.

आता तुमच्यापुरतं. भाजणी कोण घेणार? इंदूरची मराठी घरं. जिरावण कोण घेणार? पोहे खाणारा कुणीही, आणि इंदूर सोडून गेलेला तर नक्कीच. म्हणजे गिऱ्हाईक दोन, मग दोन्ही फोटोंना एकच माळ कशी चालेल? भाजणीला पदार्थाचा टॅग, गावाचा टॅग आणि मराठी मंडळींचा एखादा. जिरावणाला पदार्थ, इंदूर आणि पोहे. झालं. रोजच्या रोज तोच ठोकळा चिकटवणं आधी बंद करा.

शंकेखोर | रविवार, रात्री ११:०५

तुम्हीच म्हणता टॅगने पोच वाढत नाही, तुम्हीच म्हणता पाच लावा. मग ते पाच तरी कशाला?

फुकटसल्लागार | रविवार, रात्री ११:३०

रास्त प्रश्न. माझं मत विचाराल तर पहिलं काम मजकुराचं, टॅगचं दुसरं. बहुतेक घरगुती खात्यांवर फोटोखाली काय असतं? "मेड विथ लव्ह", तीन बदाम आणि टॅगांची रांग. शोधणारा काय टाइप करतो? "इंदूर थालिपीठ भाजणी". ते शब्द तुमच्या पोस्टमध्ये साध्या वाक्यात असले पाहिजेत: "रामबाग, इंदूर येथे घरगुती थालिपीठ भाजणी, अर्धा व एक किलो". जुलै २०२५ पासून इंस्टाग्रामच्या व्यावसायिक खात्यांच्या सार्वजनिक पोस्टी गूगललाही सापडू लागल्यात, म्हणजे हे वाक्य आता दोन ठिकाणी कामाला येतं.

खात्याच्या नावाची जागाही बघा. तिथला मजकूर शोधात धरला जातो आणि बायका तिथे "अन्नपूर्णा किचन" एवढंच लिहून मोकळ्या होतात. "अन्नपूर्णा, मराठी फराळ इंदूर" लिहायला पैसे पडत नाहीत. पोस्टला ठिकाण जोडा. खातं खाजगी नाही ना तेही एकदा पाहून घ्या. खाजगी असेल तर टॅगवरून बाहेरच्या कुणाला काहीच दिसत नाही, बसा लावत.

हे सगळं झाल्यावर टॅग. वाक्यात मावलं नाही ते त्यांनी सांगावं. फोडणीत हिंगाएवढं.

शंकेखोर | रविवार, रात्री ११:३४

पटलं. हिंग कमी पडला तरी चालतो, जास्त झाला तर आमटी जाते.

अनुस्वार | सोमवार, सकाळी ७:१५

छापखान्यात अक्षरजुळणी करण्यात हयात गेली, म्हणून देवनागरी टॅगांबद्दल माझे दोन शब्द. इथे कोणी लक्ष देत नाही.

पहिली गोष्ट प्रत्ययांची. इंग्रजीत "इन इंदोर" लिहिलं तर गावाचं नाव सुटं राहतं. आपल्याकडे प्रत्यय नावाला चिकटतो. काल एकाची पोस्ट पाहिली: "#राजवाड्यावर आज #इंदूरच्या मंडळींनी धमाल केली". झाले की दोन नवे टॅग. #राजवाडा शोधणाऱ्याला त्यातलं काही दिसणार नाही, कारण #राजवाड्यावर हा यंत्राच्या लेखी निराळाच शब्द. म्हणून मराठीत टॅग वाक्यात घुसवूच नका. वाक्य वाक्यासारखं लिहा आणि टॅग शेवटी मूळ रूपात ठेवा.

दुसरी गोष्ट तुमच्या साटोऱ्यांची. हा "ऱ्य" दिसतो एकसारखा, पण तो टाइप करायच्या दोन रीती आहेत. काही कीबोर्ड खाली नुक्ता (टिंब) असलेला र घेऊन त्याला हलन्त (पाय मोडायची खूण) आणि य जोडतात. काही साधा र घेतात, हलन्त देतात आणि मध्ये एक न दिसणारा जोडवर्ण टाकतात. पडद्यावर दोन्ही "साटोऱ्या"च, पण आतले आकडे वेगळे. तुम्ही एका फोनवरून टॅग लावला आणि भाचीने दुसऱ्यावरून, तर दोघींचा टॅग एकच असेल याची खात्री नाही. कचोऱ्या, पुऱ्या, पायऱ्या, सगळ्यांची तीच गत. उपाय सोपा आहे. एकवचन घ्या: #साटोरी. भानगडच नको.

तिसरं, टॅगमध्ये जागा, संयोगचिन्ह, पूर्णविराम चालत नाहीत. शब्द तिथेच तुटतो. खालची रेघ मात्र चालते.

मेतकूटभात | सोमवार, सकाळी ८:०२

काका, दंडवत! आत्ता दोन्ही फोनवर करून बघितलं. माझ्या फोनवरच्या टॅगखाली माझ्या पोस्टी, भाचीच्या फोनवरच्या टॅगखाली तिने टाकलेल्या. आणि आम्ही दोघी एकाच खात्यावर!

पुण्याची_माहेरवाशीण | सोमवार, सकाळी १०:२०

मी गिऱ्हाइकाच्या बाजूने सांगते. माहेर इंदूरच्या लोकमान्य नगरात, सासर पुण्यात. आई-बाबा तिकडे दोघंच, त्यांना दिवाळीला घरचा फराळ पोचवायचा म्हणून मी दरवर्षी शोधत असते. आणि काय टाइप करते? मराठी नाही. रोमन अक्षरांत "इंदोर फराळ", "दिवाळी फराळ इंदोर". फोनवर घाईत कोण देवनागरी काढतं? गावाचं नावसुद्धा सवयीने इंग्रजी स्पेलिंगने येतं.

एकदा देवनागरीत "इंदुरी" टाकून पाहिलं तर किल्ल्याचे फोटो आले. तळेगाव दाभाड्याजवळ इंदुरी गाव आहे, तिथला किल्ला. ट्रेकिंगवाल्यांचा टॅग तो! पोहे शोधायला गेले आणि बुरूज बघून आले.

मेतकूटभातताई, मला जिरावणही हवंय. पुण्याला पाठवता का?

जिरावण | सोमवार, सकाळी १०:३१

ताई, माझं आधी पाठवा, ह्या मागून आल्यात. :D

अनुस्वार | सोमवार, सकाळी ११:१०

माहेरवाशीण, तुमचं खरं आहे, तरी देवनागरी टॅग सोडू नये असं मला वाटतं. रोमन टॅगवर गर्दी फार. देवनागरीत #मेतकूट टाकलं तर येणाऱ्याला मेतकूट काय हे समजावून सांगावं लागत नाही.

फुकटसल्लागार | सोमवार, दुपारी १:१५

काका, तुमचा मुद्दा मेतकूट-भाजणीपुरता मान्य. जिरावणाला मी रोमनच घेईन. ते शोधणारे बरेचसे हिंदीवाले, त्यात बेंगळुरूला नोकरी करणारे, आणि ते सगळे रोमनमध्ये टाइप करतात. देवनागरीत घालायचं तर "इंदौर" घालावं लागेल, "इंदूर" ते लिहीत नाहीत. एकाच पोस्टला इंदूर, इंदौर आणि रोमनमधली दोन-तीन स्पेलिंगं लावत बसलात तर पाचाचा कोटा गावाच्या नावातच संपेल. एक निवडा, बाकीची मजकुरात सहज येऊ द्या.

आणि हो, मोहल्ल्याच्या टॅगबद्दल राहिलं. नुसतं #रामबाग लावाल तर जयपूरच्या रामबाग पॅलेसच्या लग्नांत जाऊन पडाल. #राजेंद्रनगर लावाल तर दिल्लीच्या क्लासवाल्यांत. #सराफा कुठल्या गावात नाही? गाव जोडून #रामबागइंदूर करा. छप्पन दुकान या खाऊगल्लीचं तसं नाही, ते नाव आपल्याकडेच. फक्त एक्सवर नुसत्या आकड्याचा टॅग होत नाही, एखादं अक्षर लागतं, म्हणून "५६" एकटं टाकू नका.

पुण्याला माल पाठवत असाल तरच पुण्याचा टॅग. पाठवत नसाल तर फुकटची विचारपूस ओढवून घ्याल.

मेतकूटभात | सोमवार, दुपारी २:४०

जिरावण आणि मेतकूट कुरिअरने जातं. साटोऱ्या नाही, पोचेपर्यंत चुरा होतो.

एक वेगळंच विचारते. शहरातला एक खाण्याचे व्हिडिओ करणारा मुलगा आलाय. म्हणतो, फराळाचा एक मोठा डबा द्या, मी रील टाकतो, खाली २५ टॅग लावतो, तुमचं नाव होईल. करावं का?

फुकटसल्लागार | सोमवार, दुपारी ३:३०

डबा द्यायचा की नाही तुम्ही ठरवा, पण २५ टॅग ही काही किंमत नव्हे. त्याचे बघणारे इंदूरचे आहेत का एवढंच विचारा. व्यावसायिक खात्याला आकडे दिसतात, त्यात कुठल्या शहरातून किती लोक बघतात तेही असतं. पडद्याचं चित्र पाठव म्हणावं. का कू केलं तर समजून जा.

दुसरं, फुकट डबा घेऊन टाकलेली रील ही जाहिरातच. जाहिरातींचं नियमन करणाऱ्या आस्की या संस्थेने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी नियम केलेत. पैसे न घेता वस्तू घेतली तरी तसं सांगावं लागतं, आणि तेही समोर, चटकन दिसेल असं. टॅगांच्या ढिगात विसावा टॅग म्हणून "ॲड" लपवलेलं चालत नाही. ग्राहक व्यवहार खात्यानेही जानेवारी २०२३ मध्ये साध्या भाषेत अशीच मार्गदर्शिका काढली. त्याला म्हणा, पहिल्या ओळीत "सप्रेम भेट मिळाली" असं लिहीत असशील तर ये.

शंकेखोर | सोमवार, दुपारी ३:४१

म्हणजे तो येत नाही.

गेरवाला | सोमवार, सायंकाळी ६:५०

धागा हायजॅक करतोय, माफी असावी, पण विषय तोच. आमच्या मित्रमंडळींचं गाऱ्हाणं असं की रंगपंचमीच्या गेरीला (रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीला) आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्यांना (चित्ररथांना) शेकडो फोटो निघतात, पण एका जागी कधी सापडत नाहीत. कोणी गेर लिहितो, कोणी गैर, कोणी रोमनमध्ये एक ई, कोणी दोन. कापड मिलच्या झांक्या बघायला अख्खं शहर रात्रभर रस्त्यावर आणि दुसऱ्या दिवशी फोटो शोधायला गेलं तर सतरा ठिकाणी. मंडळाचा एक पक्का टॅग ठरवायचा झाला तर कसा ठरवावा?

अनुस्वार | सोमवार, सायंकाळी ७:३०

सांगतो. लांब नको, ऐकून लिहिता आला पाहिजे. ढोल-ताशात "टॅग काय रे?" म्हणून ओरडल्यावर समोरच्याला एका दमात कळावा. ज्यात दोन प्रकारे लिहिता येईल असा शब्दच नको. गेर-गैर तिथेच बाद. मंडळाचं नाव अधिक साल, एवढं पुरे. साल हवंच, नाहीतर गेल्या वर्षीचे फोटो मिसळतात.

जोडून लिहिल्यावर काय वाचलं जातं तेही चार जणांकडून वाचून घ्या. एप्रिल २०१३ मध्ये ब्रिटनच्या माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर वारल्या. "नाऊ थॅचर्स डेड" असा टॅग सगळी अक्षरं छोटी आणि जोडून फिरला. रोमनमध्ये अक्षरं तीच, म्हणून लोकांनी तो "नाऊ दॅट शेर्स डेड" असा तोडला आणि शेर ही गायिका गेली म्हणून हळहळत बसले. ती चांगली धडधाकट होती. रोमनमध्ये लिहाल तर प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं ठेवा. टॅग तोच राहतो, लहान-मोठ्या अक्षराने फरक पडत नाही, पण वाचणाऱ्याची सोय होते. दृष्टिहीन लोक पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरतात, त्यालाही मोठ्या अक्षरांमुळे शब्द सुटे कळतात.

देवनागरीत मोठी अक्षरं नाहीत, तिथे खालची रेघ घालावी.

फुकटसल्लागार | सोमवार, रात्री ८:०५

काका, इथे मी अडतो. रेघेचा टॅग आणि बिनरेघेचा टॅग हे दोन वेगळे टॅग होतात. गर्दीतले निम्मे लोक रेघ विसरणार. मंडळासाठी बिनरेघेचाच बरा.

अनुस्वार | सोमवार, रात्री ८:२०

मग एकशब्दी घ्या. रेघही नको, भांडणही नको.

फुकटसल्लागार | सोमवार, रात्री ८:४५

हे मान्य. गेरवाला, ठरवायच्या आधी तो शब्द तिन्ही-चारी ठिकाणी शोधून पाहा, आधीच कोणाचा निघतो का ते. इंस्टाग्राम काही टॅगांचे निकाल दडवतं, कारण त्यांवर नको त्या गोष्टी टाकल्या गेलेल्या असतात. दिसायला शब्द अगदी सोवळा असतो. शोधल्यावर पान रिकामं किंवा विचित्र दिसलं तर तो सोडा. मग निमंत्रणावर, मंचाच्या मागच्या फलकावर, स्वयंसेवकांच्या टी-शर्टवर छापा. टॅग लोकांना आधी दिसला तर लावतील. मिरवणूक राजवाड्यावरून गेल्यावर व्हॉट्सॲपवर पाठवून काही होत नाही.

एक इशारा. "आमच्या मंडळाबद्दल तुमचा अनुभव सांगा" छाप टॅग काढू नका. मॅकडॉनल्ड्सने जानेवारी २०१२ मध्ये ट्विटरवर पैसे मोजून #मॅकडीस्टोरीज चालवला, लोकांनी गोड आठवणी लिहाव्यात म्हणून. लोकांनी लिहिल्या, पण खाण्यात काय काय सापडलं त्याच्या! काही तासांत गुंडाळावा लागला. टॅग एकदा बाहेर गेला की तो तुमचा राहत नाही, कोणीही त्यावर काहीही लिहू शकतो. वर्गणीवरून ज्यांच्याशी वाजलंय त्यांना आयता मंच मिळेल.

गेरवाला | सोमवार, रात्री ९:००

वर्गणीचं नावच काढू नका भिया. एकशब्दी टॅग आणि टी-शर्ट, उद्याच बैठकीत मांडतो.

पुण्याची_माहेरवाशीण | सोमवार, रात्री ९:४०

वेळेचं कोणी बोललं नाही. मी फराळ नवरात्र संपता संपता शोधायला लागते, कारण ऑर्डर आधी द्यावी लागते. घरगुती विकणाऱ्यांच्या पोस्टी येतात धनत्रयोदशीला, #दिवाळीफराळ लावून. तेव्हा त्या टॅगवर सगळ्या देशाचा चिवडा सांडलेला असतो, आणि माझी ऑर्डर कधीच दुसरीकडे गेलेली असते.

जिरावण | सोमवार, रात्री ९:५२

बरोबर. थंडी पडल्यावर गराडू, पावसाळ्यात भुट्टे का कीस. गराडूचा फोटो मे महिन्यात टाकून कोणता टॅग लावला तरी काय होणार? लोक तेव्हा शिकंजी शोधून राहिलेत.

मेतकूटभात | मंगळवार, सकाळी ११:३०

सगळ्यांचं वाचून काल रात्री साटोऱ्यांची पोस्ट नव्याने लिहिली. टाकायच्या आधी बघा:

"खवा-रव्याच्या साटोऱ्या, साजूक तुपात तळलेल्या. रामबाग, इंदूर. एका डब्यात बारा. दिवाळीच्या ऑर्डरी दसऱ्यापासून घेते. शहरात घरपोच, बाहेरगावी फक्त मेतकूट, भाजणी, जिरावण पाठवते. #साटोरी #दिवाळीफराळ #इंदूरमराठी #रामबागइंदूर" आणि पाचवा रोमनमध्ये इंदोरफराळ, माहेरवाशीण टाइप करते तसा, प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं.

फुकटसल्लागार | मंगळवार, दुपारी १२:१०

छान. "घरगुती" शब्द राहिला, लोक तो हमखास टाइप करतात. पहिल्या ओळीत घाला, कारण पुढचा मजकूर "आणखी" दाबल्याशिवाय दिसत नाही. आणि हाच मजकूर यूट्यूबच्या छोट्या व्हिडिओला वापराल तेव्हा लक्षात ठेवा, तिथे शीर्षकापाशी फार तर तीन टॅग दिसतात, आणि साठाच्या वर लावले तर यूट्यूब एकही धरत नाही.

टाकल्यावर दोन दिवसांनी आकडे बघा. फॉलोअर नसलेल्यांपैकी किती जणांनी पाहिलं ते वेगळं दाखवतात. बदाम मोजू नका. पोस्ट जपून ठेवली किती जणांनी आणि निरोप किती आले ते बघा. मग एखादा टॅग बदलून पाहा, सगळे एकदम बदलू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कळायचं नाही.

अनुस्वार | मंगळवार, दुपारी १२:४०

"खवा-रव्याच्या" यातलं संयोगचिन्ह वाक्यात आहे, टॅगमध्ये नाही, म्हणून चालेल. "साजूक" बरोबर लिहिलंत, बरं वाटलं. हल्ली सगळीकडे "साजुक" दिसतं.

शंकेखोर | मंगळवार, दुपारी १:०५

भाव कुठेय? "किमतीसाठी डीएम करा" वाल्यांना मी कधी डीएम करत नाही. आणि फोन नंबर बायोमध्ये आहे का? सगळा खटाटोप करून माणूस दारात आला आणि घंटीच नाही असं नको व्हायला.

मेतकूटभात | मंगळवार, दुपारी १:२०

भाव घालते. नंबर बायोत आहे, पण भाचीचा. दुपारी ती कॉलेजात असते, फोन उचलत नाही. आजच बदलते.

जिरावण | मंगळवार, दुपारी १:२८

म्हणून काल तीनदा लावला तर कोणी घेऊन नाही राहिलं! ताई, पाव नाही, अर्धा किलो करा आता. माहेरवाशीणबाई पण मागणार, नंतर उरायचं नाही.